तिला भेटायला कोण येतं?

"कोल्हापुरात बायका दारू पितात?" हा प्रश्न मला लक्ष्मीपुरीत तांदूळ घेताना दुकानदारानं विचारलाय, रिक्षावाल्यानं विचारलाय, आणि आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका ज्येष्ठ सभासदानंही उपासना सुटल्यावर जरा बाजूला घेऊन विचारलाय. होय, पितात. पुरुषांच्या मानानं फार थोड्या पितात आणि जवळजवळ सगळ्या लपून पितात. २०१९ साली केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं केलेली देशभरातल्या व्यसनांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के निघाले आणि बायका १.६ टक्के. आकडा एवढासा दिसतो म्हणून बायकांसाठी वेगळी सोय करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. पण १.६ टक्के म्हणजे हजारात सोळा. ही सरासरी धरून आपल्या गावातल्या, आपल्या वॉर्डातल्या बायका मोजून बघा. आणि यात मिश्री धरलेली नाही, झोपेच्या गोळ्या धरलेल्या नाहीत.

मी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकले आणि नोकरीची सगळी वर्षं वॉर्डात काढली. निवृत्त झाले त्या सुमाराला मंडळीतल्या काही कुटुंबांनी मिळून व्यसनातून बाहेर पडणाऱ्या बायकांसाठी एक निवासी घर सुरू केलं. आता मी तिथंच राहते. बायका मला सिस्टर म्हणतात. शहराच्या जरा बाहेर आहे घर, मागं ऊस, पुढं डांबरी रस्ता. नाव आणि पत्ता इथं लिहीत नाही, कारण आमच्याकडच्या काही जणींना शोधत येणारी माणसं चांगल्या मनानं येत नाहीत. ज्या बायकांबद्दल लिहितेय त्यांना विचारलंय, आणि तरीही ओळख पटेल असे तपशील बदललेत. एका वेळी दहा-बारा जणी असतात आणि साधारण सहा महिने राहतात.

कोण कोण येतं ते सांगते. यंत्रमागावर नवऱ्याबरोबर रात्रपाळी करणारी एक होती. कंबर धरली म्हणून पहिला ग्लास नवऱ्यानंच हातात दिला, झोप चांगली लागेल म्हणाला. दुसरी हातभट्टी गाळणाऱ्या घरात सून म्हणून गेली. माल उतरला की चव बघायचं काम नव्या सुनेचं. एक आजी होत्या, निपाणीकडं तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलेलं, मिश्रीपासून सुरुवात आणि म्हातारपणी देशी. एक होती चांगल्या शिकल्यासवरल्या घरातली. घरात दारूचा थेंब नाही. बाळ गेल्यावर डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. दिवस संपले, चिठ्ठी संपली, गोळ्या संपल्या नाहीत. औषधाच्या दुकानात ओळख होती, कुणी परत चिठ्ठी मागितली नाही. आणि एक अगदी तरुण पोरगी, तिला मी कारण विचारलं नव्हतं, तिनंच एकदा कपडे वाळत घालताना सांगितलं, "पिऊन असलं की मार लागत न्हाई सिस्टर. मी म्हणूनच घेत होतो."

पुरुष प्यायला लागला की लोक त्याच्या संगतीला दोष देतात. बाई प्यायली की तिच्या चालीला. त्यामुळं घरचे आधी लपवतात, मग कोंडतात, आणि दवाखान्याचं नाव निघतं तेव्हा यकृत सुजलेलं असतं. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं, तेवढीच दारू तिच्या रक्तात जास्त दाट उतरते. यकृताचं नुकसान तिला कमी वर्षांत होतं. पुरुष वीस वर्षं पिऊन जिथं पोचतो तिथं बाई त्याच्या कितीतरी आधी पोचते. उशीर करायला तिच्याजवळ वेळच नसतो, आणि उशीर तिच्याच वाट्याला येतो.

आमच्याकडं थेट कुणाला दाखल करून घेत नाही. आधी हॉस्पिटल. हे मी प्रत्येकाला फोनवर सांगते आणि इथंही सविस्तर सांगते, कारण या बाबतीत अजूनही माणसं जिवावर बेतेल असं वागतात. रोज भरपूर पिणाऱ्या बाईची दारू एकदम बंद केली की शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, छाती धडधडते. फिट येते ती बहुतेक पहिल्या दोन दिवसांत. तिसऱ्या दिवसाच्या आसपास भास सुरू होऊ शकतात. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं हाका मारतात, ताप चढतो, बाई आपण कुठं आहोत ते विसरते. त्या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस मरतो. खोलीत कोंडून, खाटेला बांधून 'चार दिवसांत उतरेल' म्हणणाऱ्या घरांत हेच घडतं आणि लोक त्याला बाहेरची बाधा समजतात. हॉस्पिटलात हे चार-पाच दिवस गोळ्या देऊन, त्या हळूहळू कमी करत पार पडतात. बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायला लागतं, आणि ते ग्लुकोजच्या आधी, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळ्या एका रात्रीत टाकून दिल्या तर फिट येऊ शकते. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्या-आठवड्यानं उतरवतात.

आणि कृपा करून चहातून, आमटीतून न सांगता दारू सोडवायची गोळी घालू नका. ती गोळी पोटात असताना दारू प्यायलं की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. जिला माहीतच नाही ती पिणार, आणि जिवाला मुकू शकते. माझ्या वॉर्डच्या दिवसांत अशी माणसं आलेली मी बघितली आहेत. आणणाऱ्यांनी प्रेमानंच घातलेली असायची.

तर हॉस्पिटलातून आलेली बाई आमच्या दारात उभी राहते तेव्हा तिचं शरीर दारूतून सुटलेलं असतं आणि बाकी काहीच सुटलेलं नसतं. तिथून आमचं काम सुरू होतं.

पहिले पंधरा दिवस तिला स्वयंपाकघरात येऊ देत नाही. हा नियम मी आग्रहानं घालून घेतला. पुरुष व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येतो तेव्हा बायको त्याला पुढ्यात ताट वाढते, जप म्हणते, कामावर लगेच जाऊ नको म्हणते. बाई घरी गेली की चुलीपुढं. म्हणून आमच्याकडं आधी तिनं नुसतं जेवायचं, झोपायचं, उन्हात बसायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण बायकांना हे फार जड जातं. वखारीतल्या आजी पहिल्या दिवशी जेवायच्या वेळी दाराजवळ उभ्या राहिल्या. ताट वाढलंय, बसा म्हटलं तरी उभ्या. "सगळ्यास्नी जेवू देत, मी मागनं बसतो." आयुष्यभर सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवलेली बाई. शेवटी मी माझं ताट घेऊन त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले, तेव्हा बसल्या. भाकरी कोरडीच चघळत होत्या, आमटीत कुस्करून घ्यायचीही भीड. पुढं त्याच आजी दुसऱ्यांना ओढून पंगतीत बसवायला लागल्या.

पंधरा दिवसांनंतर पाळीनं कामं असतात. भाजी निवडणं, भाकऱ्या, झाडलोट, शिवण. उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या रविवारी मंडळीकडून तांदूळ, गूळ, नारळ येतात, काही महिने त्यावर भागतं. दुपारी सगळ्या गोल बसतात आणि बोलतात, किंवा बोलत नाहीत. आठवड्यातून एकदा समुपदेशक ताई येतात. जुन्या, सोडून काही वर्षं झालेल्या बायकाही येतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचंच जास्त ऐकलं जातं. 'फक्त आजचा दिवस' हे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांमधलं वाक्य आमच्या भिंतीवर आहे. ती चळवळ १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून सुरू केली आणि तिची मुळं एका ख्रिस्ती प्रार्थना गटात होती.

सकाळी साडेसहाला प्रार्थना असते. पेटी आहे, तबला आहे, भजनं मराठीच. यायलाच पाहिजे असं नाही. पहिल्या आठवड्यात बहुतेक जणी येत नाहीत, पडून असतात, भजनाचा आवाज ऐकतात. मग एखादी दाराशी येऊन बसते. शास्त्रातली एक गोष्ट मात्र त्या परत परत मागतात. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात आहे. अठरा वर्षं कुबडी होऊन राहिलेली एक बाई सभास्थानात आलेली असते. तिला सरळ उभंच राहता येत नाही. ती येशूला काही मागत नाही, तिला येशूच बघतो आणि जवळ बोलावतो, तू मोकळी झालीस म्हणून सांगतो, तिच्यावर हात ठेवतो. ती सरळ होते. मग सभास्थानाचा अधिकारी चिडतो, की शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवशी हे कशाला, कामाचे सहा दिवस आहेत की. त्यावर येशू म्हणतो, तुम्ही शब्बाथाला आपला बैल नाहीतर गाढव दावणीचं सोडून पाणी पाजायला नेता ना, मग ही तर अब्राहामाची कन्या आहे, अठरा वर्षं बांधलेली.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातभट्टीच्या घरातली ती सून एकदम बोलली होती, "खरं हाय. बैलाला सोडत्यात पाण्याला. बाईला कोण सोडतंय?" त्या सकाळी पुढं वाचन झालंच नाही. सगळ्या बोलत राहिल्या, कोण किती वर्षं बांधलेली होती ते.

धर्माबद्दल विचारतात लोक, आणि विचारावंच. आमच्याकडं धर्म बदलायला लावतात का? नाही. फॉर्मवर धर्माचा रकाना नाही. आलेल्यांपैकी बहुतेक जणी हिंदू असतात, मुसलमान असतात, बौद्ध असतात, ख्रिस्ती थोड्या. एकीच्या उशाशी अंबाबाईचा फोटो होता, जाईपर्यंत तिथंच होता. रमजानात एकीनं डॉक्टरांना विचारून जमतील तेवढे रोजे धरले, पहाटे तिच्यासाठी भाकरी मीच टाकायची. मी ख्रिस्ती आहे, आणि हे काम प्रभूसाठी करते हे मी कधी लपवलेलं नाही. पण आजारी, घरानं टाकलेल्या, हातपाय थरथरणाऱ्या बाईची अडचण ही कुणाची संधी असू नये, माझ्या देवाचीही नको. तो तशी साधत नाही असा माझा विश्वास आहे.

राहायला जागा देणं हीच अर्धी शुश्रूषा असते, हे आमच्या भागाला नवीन नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर आणि त्यांच्या पत्नी एलायझा १८५२ साली कोल्हापुरात आले, न्यू शाहूपुरीतलं मोठं चर्च त्यांच्याच नावानं आहे. पुढं १८९४ मध्ये डॉक्टर वानलेस यांनी मिरजेत हॉस्पिटल उभं केलं. पण मला जास्त जवळच्या वाटतात त्या पंडिता रमाबाई. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढं केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आणि तिथं ज्यांना कुठलाच आश्रम घेत नव्हता अशा बायकांसाठी कृपासदन म्हणून वेगळं घर ठेवलं. तिथल्या बायका छपाई शिकल्या, विणकाम शिकल्या, तेलाचा घाणा चालवायला शिकल्या. आणि आपले शाहू महाराज. खेड्यातल्या पोराला नुसती शाळा दाखवून उपयोग नाही, शहरात त्याला राहायला आणि जेवायला मिळालं तरच तो शिकेल, हे त्यांनी ओळखलं होतं. १९०१ पासून त्यांनी एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी करायला मदत केली, त्यात ख्रिस्ती मुलांसाठीही एक होतं. व्यसनातल्या बाईचंही असंच आहे. गोळ्या सगळीकडं मिळतील. पण त्या घेऊन तिनं राहायचं कुठं, काही महिने, जिथं तिला कुणी हलकं बोलणार नाही? महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचं चांगलं काम करणारी माणसं झाली. फादर जो परेरांनी १९८१ मध्ये मुंबईत कृपा फाउंडेशन सुरू केलं, १९८६ पासून पुण्यात मुक्तांगण आहे. तरी आमच्यासारख्या भागातून बाईला कुठं न्यायचं हा प्रश्न आला की फोन करणारा माणूस अडतो.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्याकडं भेटीचा दिवस असतो. पुरुषांच्या केंद्रातला भेटीचा दिवस मी नोकरीत असताना बघितलाय. सकाळपासून फाटकाबाहेर बायका, आया, बहिणी. कुणाच्या पिशवीत पांढरा रस्सा, कुणी बेसनाचे लाडू, कुणी इस्त्री केलेला शर्ट. कडेवर लेकरं. आत सोडेपर्यंत उन्हात उभ्या. ज्यांनी दारू पिऊन त्यांना मारलं होतं त्यांच्यासाठी उभ्या.

आमच्याकडं त्या दिवशी बायका पहाटे उठून न्हातात. तेल लावून वेणी घालतात, ठेवणीतली साडी काढतात. अंगणात बाकडी मांडतो, चहा जास्तीचा ठेवतो. दहा वाजतात, अकरा वाजतात. एखादीची आई येते. आयाच येतात जास्त करून, एसटीनं, दोन गाड्या बदलून, गुडघे दुखत असताना. कधी बहीण. नवरा क्वचित. सासरचं माणूस जवळजवळ नाहीच. दुपारनंतर कुणी काही न बोलता साडी बदलून येते.

न येण्याची कारणं मी फोन करून विचारत असते. ऊस चाललाय. रजा नाही. गावात कळलंय, आता परत चर्चा नको. पोरांना सांगितलंय आई मुंबईला कामाला गेलीय. एकानं तर स्पष्ट सांगितलं, बरी झाली की कळवा, मग बघू. मी त्या माणसाशी अर्धा तास बोलले. ती बरी होण्यात तुमच्या येण्याचा भाग आहे, औषधाइतका आहे, हे परोपरीनं सांगितलं. तो पुढच्या महिन्यात आला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात आला, दहा मिनिटं बसला, चहा न पिता गेला. ती त्या दहा मिनिटांवर कितीतरी दिवस बोलत होती. काय शर्ट घातला होता, किती वाळलाय, काय म्हणाला. तो काहीच म्हणाला नव्हता.

एकीचा भाऊ आला तो कागद घेऊन आला. हक्कसोडपत्र. आईवडलांच्या जमिनीतला हिस्सा सोडल्याची सही हवी होती. इतके महिने फिरकला नव्हता, त्या दिवशी गाडी करून आला, पेढेही आणले होते. ती सही करायला निघाली होती, भाऊ आलाय यातच तिला सगळं मिळालं होतं. मी कागद आत येऊ दिला नाही. ती औषधावर आहे, बाहेर पडली की वकिलासमोर काय ते करा, असं सांगितलं. भाऊ रागानं निघून गेला. ती माझ्यावर रागावली, दोन दिवस बोलली नाही, माझ्यामुळं माहेर तुटलं म्हणाली. तिचा राग मला समजत होता. आजही तो कागद समोर आला तर मी तेच करेन.

आणि शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारा तो नवरा. रात्रपाळी करून, तसाच न झोपता यायचा, दर भेटीला, पोरीला मोटरसायकलवर पुढ्यात बसवून. पोरगी असेल सहा-सात वर्षांची. तिच्या वेण्या तोच घालायचा, एक वर एक खाली. बरोबर भडंगाची पुडी. बायकोजवळ बसायचा आणि घरातलं सांगायचा, दुधाचं बिल किती आलं, पोरीला कुठला धडा पाठ झाला, शेजारच्यांची म्हैस व्याली. कधी उपदेश नाही, आता तरी सोड म्हणून नाही. ती पोरीच्या वेण्या सोडून परत घालायची आणि ऐकत राहायची. तिसऱ्या महिन्यात घरी गेली असताना तिची स्लिप झाली, म्हणजे एका रात्री परत प्यायली. पुष्कळांची होते आणि त्यानं सगळं वाया जात नाही, हे घरच्यांना पटवणं फार अवघड असतं. हा माणूस तिला परत सोडायला आला तेव्हा मी घाबरले होते, आता हा म्हणणार बस झालं. त्यानं विचारलं, "सिस्टर, पुढची भेट कधी धरायची?" एवढंच.

तिला घरी जाऊन आता बराच काळ झालाय. चपलांना वेण्या घालायचं काम घेते, सुभाषनगरातून माल येतो. तिचं सगळं त्याच्या येण्यामुळं जमलं असं मी म्हणणार नाही. नवरा येऊनही परत पिणाऱ्या झाल्या, कुणीही न येता तगून राहिलेल्याही आहेत. पण इतकी वर्षं बघून मला एवढं कळतं, की जिच्यासाठी बाकड्यावर कुणी बसलेलं असतं ती अडखळली तरी परत दार वाजवते. जिच्यासाठी कुणीच नसतं ती एकदा घसरली की बऱ्याचदा आम्हालाही तोंड दाखवत नाही.

मिश्रीबद्दल थोडं, कारण ती आमच्या बायकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीत आहे आणि घरात कुणी तिला व्यसन म्हणत नाही. दारू सोडलेल्या बाईला भेटायला आलेली आई मायेनं मिश्रीची डबी आणते. तंबाखूच ती, तव्यावर भाजून कुटलेली. तोंडाचा कॅन्सर तिनंही होतो. शेजारच्या वस्तीत कुणी मिश्री भाजायला घेतली की वास आमच्या अंगणात येतो आणि सगळ्या घराला तलफ सुटते. त्या वेळी सगळ्यांना घेऊन मी रस्त्यानं चालायला निघते, लांबपर्यंत.

२६ जूनला आपल्याकडं शाहू जयंती असते. त्याच तारखेला जगभर अमली पदार्थविरोधी दिन पाळतात, संयुक्त राष्ट्रांनी १९८७ साली ठरवलेला. आम्ही दरवर्षी सकाळी दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याला फुलं वाहायला जातो, ज्यांना यायचं आहे त्यांना घेऊन. शाळांच्या फेऱ्या निघतात. पोरांच्या हातात फलक, 'बाबा, दारू सोडा', 'बाबा, आमचं ऐका'. चांगलीच गोष्ट आहे. मागच्या वर्षी माझ्याबरोबरची एक बाई ते फलक एकेक करून वाचत होती. "सिस्टर, सगळीकडं बाबाच हायत. आईचा एक पण न्हाई." मग म्हणाली, माझा पोरगा असता तर त्यानं कुठला धरला असता?

म्हणून सांगते, तुमच्या घरात, भावकीत, शेजारी अशी कुणी असेल तर आधी डॉक्टर. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे, तिथं लाज वाटण्यासारखं काही नाही. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन फुकट आहे, १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचे समुपदेशक बोलतात, मारहाण होत असेल तर १८१. निवासी केंद्र निवडताना २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली त्याची नोंदणी आहे का ते विचारा, डॉक्टर कधी येतात विचारा, रात्री बायकांजवळ बाईच असते का विचारा. साखळीनं बांधायला त्या कायद्यानं बंदी आहे. जिथं 'सहा महिने भेटायला येऊ नका, आम्ही सरळ करतो' म्हणतात तिथं ठेवू नका. नवरा स्वतः पीत असेल तर त्याचेही उपचार सुरू करा. ती बरी होऊन त्याच बाटलीशेजारी परत जाणार असेल तर आमचे सहा महिने पुरत नाहीत.

आणि ठेवल्यावर जा. आमच्याकडं भेट सकाळी दहा ते दुपारी चार. डबा चालतो, तंबाखू-मिश्री फाटकावर ठेवावी लागते. पोरांना आणा, त्यांना आई कुठं आहे ते खरं सांगून आणा. कसं सांगायचं कळत नसेल तर आदल्या आठवड्यात फोन करा, समुपदेशक ताई पोरांशी आधी बोलतात. ज्यांना खरंच येता येत नाही त्यांनी पत्र लिहा. चार ओळी पुरतात, दुधाच्या बिलाचं लिहिलं तरी चालतं. जिला वाचता येत नाही तिला मी वाचून दाखवते.